काष्टीच्या बाजारातला फळा

माणसाच्या डोक्यावर लाकूड बसतं तेव्हा होणारा आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकला. लाकूड माझ्याच हातात होतं. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि श्रीगोंद्याकडच्या एका नव्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो.

शिकवत होतो म्हणजे, पुस्तकातलं सांगत होतो आणि मुलं ते उतरवून घेत होती. आमचे विभागप्रमुख पन्नाशीकडे झुकलेले, उंच, जाड भिंगांचा चष्मा लावणारे. सगळं कॉलेज त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचं. एकदा ते न सांगता माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसले. तास संपल्यावर व्हरांड्यात त्यांनी विचारलं, “एका वस्तूऐवजी दुसरी वापरतात, याचं उदाहरण काय दिलंस?”

“चहा आणि कॉफी.”

“यातल्या किती मुलांनी कॉफी पाहिली असेल?”

मी बोटांवरचा खडू झटकत राहिलो.

“येत्या बाजाराला तुझा आणि माझा वर्ग काष्टीत भरेल,” सर म्हणाले.

साल बहात्तर. पाऊस झालाच नव्हता. वैरण संपली आणि लोकांनी बैल बाजारात आणले. मी प्रवराकाठच्या कोल्हारचा, पाटाच्या पाण्यावर वाढलेला. इतकी जनावरं आणि इतक्या बरगड्या मी एका जागी कधी पाहिल्या नव्हत्या. पुरवठा वाढला की भाव पडतो, हे वाक्य आमच्या मुलांनी परीक्षेत कितीदा तरी लिहिलं होतं. त्या दिवशी ती मुलं ते वाक्य डोळ्यांनी बघत होती. एकाच्या घरची जोडी त्याच रांगेत उभी होती. तो दिवसभर त्या बाजूला फिरकला नाही. खाटकाला बैल विकलेल्या एका म्हाताऱ्यानं दावं सोडायला नकार दिला, तेव्हा घेणाऱ्याच्या माणसांनी त्याच्या बोटांवर काठी मारून ते सोडवलं. मुलं बघत राहिली. सरही बघत राहिले.

व्यवहार रुमालाखाली व्हायचे. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरायचे, वर रुमाल टाकायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. शेजारी उभ्या असलेल्या मालकाला आत काय ठरलं ते कळायचं नाही. आमच्या वर्गातला एक विद्यार्थी अशाच एका दलालाचा मुलगा होता. एरवी तोंड न उघडणारा. सर त्याला म्हणाले, “हे कुठल्याच पुस्तकात नाही. तू शिकव.”

दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गात स्वतःचा रुमाल काढला आणि एकेकाचा हात आत घेऊन सगळी बोटं समजावून सांगितली. माझाही हात घेतला. तासाची घंटा झाली तरी कोणी उठेना. मुलगा लालबुंद झाला होता, आनंदानं. आम्ही दोघे शिक्षक इतके खूश होतो की त्याच्या घरी काय होईल याचा विचार आमच्या मनाला शिवलाही नाही.

पुढच्या बाजाराला सरांनी कॉलेजातला जुना फळा नेला आणि बाजाराच्या तोंडाशी बाभळीला टेकवून उभा केला. मुलं विकणाऱ्याला विचारायची, तुम्हाला काय मिळालं. बैल घेऊन निघालेल्याला विचारायची, तुम्ही काय दिलं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी फळ्यावर. तासाभरात फळ्यापुढे ही गर्दी जमली. ज्यांना वाचता येत नव्हतं ते दुसऱ्याकडून वाचून घेत होते आणि वाचून झालं की दलालांना शोधत परत आत जात होते.

दोन दलाल सरांकडे आले. अजून नीट बोलत होते. “सर, तुमी शिकवायचं कालेजात शिकवा. हितं आमचं पोट हाय.”

सर म्हणाले, “आम्ही फक्त जे झालं ते लिहितोय.”

त्यानंतरच्या बाजाराला ते झालं. फळ्यावर खडूनं लिहीत होता तो दलालाचाच मुलगा. त्याचा बाप गर्दीतून आला, हातात बैल हाकायचा आसूड. त्यानं मुलाला मानगुटीला धरून ओढलं आणि काही न विचारता पाठीवर फटका ओढला.

“घरातलं गुपित चव्हाट्यावर मांडतोस व्हय रं? मांड की! मांड!”

प्रत्येक ‘मांड’ला एक फटका. सदरा फाटला, मग कातडी फाटली. मुलगा ओरडत नव्हता. खडू मात्र मुठीत घट्ट धरून होता. आमचे वीस-पंचवीस विद्यार्थी जागच्या जागी थिजले होते आणि मीही त्यांच्यातच होतो.

सर पुढे गेले. मुलाच्या अंगावर वाकले, एक हात वर धरला. दोन फटके त्यांनी घेतले. तेवढ्यात दुसऱ्या एका दलालानं काठी घातली ती त्यांच्या त्या वर केलेल्या हातावर. हात कोपराच्या खाली भलत्याच ठिकाणी वाकला. चष्मा पडला, कोणाच्या तरी पायाखाली गेला. फळ्यावर चार-सहा जणांनी नाचून त्याचे तुकडे केले.

मी शेजारच्या गाडीच्या जुवातली शिवळ उपसली. बैलाची मान अडकवायची ती लाकडी दांडी. आता इथे खरं सांगतो. सर खाली बसले होते. रक्त बघून बापाचा आसूड थांबला होता, त्याचा हात खाली आला होता. तो मुलाकडे बघत होता. मारायची गरज संपली होती. तरी मी मागून जाऊन त्याच्या डाव्या कानाच्या वर शिवळ घातली. मला बरं वाटलं. तो गुडघ्यावर आला तेव्हा मी दुसऱ्यांदा हात उचलला.

तो हात अडवला त्याच्या मुलानं. पाठ उघडी, रक्तानं भिजलेली, आणि त्यानं माझा गळा धरला. “माझ्या बापाला मारतू? माझ्या बापाला?” त्याच्या नखांनी माझा गळा सोलून निघाला. लोकांनी ओढून काढला नसता तर त्यानं मला सोडलं नसतं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सर आणि तो दलाल यांच्या खाटा शेजारी शेजारी आल्या. हवालदार विचारायला आला.

दलाल म्हणाला, “बैल उधळला. शिंग लागलं.”

हवालदारानं सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, “मलाही त्याच बैलानं पाडलं.”

हवालदार गेल्यावर मी दलालाच्या खाटेपाशी उभा राहिलो आणि चुकलं म्हणालो. त्यानं मान वळवली. “मोट्यानं बोला मास्तर. ह्या कानानं ऐकू येत न्हाई.” मी मोठ्यानं म्हणालो. सगळ्या खाटांवरची माणसं माझ्याकडे बघत होती. त्यानं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. त्या कानाचं ऐकणं कायमचंच गेलं, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं.

सर मला बाहेर घेऊन आले. “तू मारलंस ते वाईटच. पण त्या पोराला फळ्यापुढे मी उभं केलं. त्याच्या घरची भाकर त्या रुमालाखाली होती. इतकं अर्थशास्त्र मला यायला हवं होतं.”

हात प्लास्टरमध्ये असेपर्यंत त्यांचे तास मी घेतले. तिसऱ्या आठवड्यात तो मुलगा परत आला. पाठ टेकवत नव्हता, ताठ बसला होता. मी पुस्तक मिटलं आणि वर्गाला सांगितलं, की मी एका माणसाला मारलं, आणि मारायची गरज नसताना मारलं. मग तो मुलगा उभा राहिला.

“सर, पुढचं शिकवा.”

मी शिकवलं. फळा काष्टीला पुन्हा गेला नाही. सर मात्र मुलांना घेऊन गुऱ्हाळावर, विणकरांकडे, दुष्काळी कामावर जात राहिले. फक्त आता निघायच्या आधी प्रत्येकाला विचारायचे, तिथे तुझ्या घरचं कोणी आहे का.

तो मुलगा पदवी परीक्षा पास झाला. त्या दिवशी तो पेढे घेऊन आमच्या खोलीत आला. सरांच्या पाया पडला, त्यांना पेढा दिला, शिपायाला दिला. मग माझ्यापुढे खोका धरला. नजर खिडकीबाहेर होती. मी पेढा उचलेपर्यंत तो तसाच उभा राहिला.