दाणा पाण्याखाली

माणूस जातो, त्याची विद्या मागे उरते, असं शोकसभेत म्हणतात. सदा गेला त्याला आता पाच आठवडे झाले. त्याची विद्या एका प्लास्टिकच्या बादलीत होती आणि माझ्या हाती आल्यावर ती आठवडाभरही टिकली नाही.

सदा माझा दहिसरच्या चाळीतला शेजारी, मूळचा मालवणकडचा. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात. यानं चाळीमागच्या मोकळ्या पट्टीत चार कोंबड्या पाळल्या. चाळीचा टॉवर होणार म्हणून आमच्याकडे कमिट्या फार, त्यामुळे तिघींची नावं चेअरमन, सेक्रेटरी आणि खजिनदार. चौथीला खातं नव्हतं. अंडी तीच जास्त द्यायची. त्यांचा दाणा तो आंबवायचा. बाजरी, गहू आणि मक्याचा भरडा पाण्यात तीन दिवस ठेवायचा, सकाळ-संध्याकाळ ढवळायचा. तिसऱ्या दिवशी असा आंबोळीच्या पिठाचा वास सुटायचा, की वहिनींनी एकदा त्यात मीठ घातलं होतं.

हॉस्पिटलात जाताना रिक्षात बसल्यावरही तो मला तेच बजावत होता. "दाणो पाण्याखाली रवाक व्हयो. पांढरी साय इली तर घाबरू नको, ढवळ. हिरवा काय दिसला तर सगळा टाकून दे."

"अरे, चार पुस्तकं वाचलीयत मी."

"म्हणान तर दोनदा सांगतंय."

पुढे मी दोन दिवस बादलीकडे फिरकलोच नाही. मे महिन्याचा उकाडा, पाणी आटलं, वरच्या दाण्यांवर हिरवी लव आली. एवढं धान्य टाकवेना. शिळ्या भाकरीची बुरशी आमच्या घरी खरवडतात, तशी ती खरवडली आणि खालचं घातलं. चेअरमन पहिली गेली. तिसऱ्या दिवशी बिनखात्याचीही मान टाकून पडली. चौघींना शेवग्याखाली पुरलं आणि हात धुऊन हॉस्पिटलात गेलो.

सदाच्या नाकात नळी होती. "कोंबड्यो खातत?"

"झकास."

"सेक्रेटरी?"

"भांडून खाते."

तो हसला... वहिनींना सगळं माहीत होतं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

दहाव्याला घाटावर भटजींनी आधीच सांगून ठेवलं, "इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, तास तास थांबावं लागतं." मी ठरवून गेलो होतो. कावळा आला नाही, तर सगळ्यांदेखत पिंडापुढे खरं बोलायचं. वाक्यही जुळवलं होतं. पण पान खाली ठेवतोय तोवर दोन कावळे उतरले आणि उपाशासारखे पिंडावर तुटून पडले. सदाच्या थोरल्या भावानं डोळे पुसले. "सदा सुटलो रे बाबा. काय्येक मागे रवला नाय त्याचा." वहिनींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी हात जोडले.

त्या दिवशी घाटावर आमचाच पिंड पहिला होता.