चुन्याची माशी

देऊळघाटच्या शाळेत मी मास्तर होतो. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. शाळा सुटल्यावर येताना जवारीच्या वावरातल्या माळ्यावर एक म्हातारा मुसलमान शिकारी रोज दिसे. रानडुकरं हाकलायला गावानं ठेवलेला. एके काळी त्यानं गोऱ्या साहेबांना नेम शिकवला होता. नाव मी कधी विचारलं नाही.

हात लांब करून तो अंगठ्याचं नख बघे, मग दूरच्या बाभळीचा शेंडा, मग पुन्हा नख.

"हे काय?" मी एकदा विचारलं.

"नजर पलटवाची सवय, मास्तर. जनावर दिसलं का झटकन बंदुकीच्या नळीच्या टोकावरच्या माशीवर यायचं. जनावर धुकट झालं तरी चालते, माशी साफ पाह्यजे. नवशिका जनावराकडंच पाह्यत राह्यते अन् चुकते."

माशी म्हणजे नेम धरायचा बारीक मणी. तो उठून दिसावा म्हणून म्हातारा त्याला पानाच्या डबीतला चुना लावी. कणसं भरत आली तसा तो ठिपका हरभऱ्याएवढा झाला.

"आता तरी माशी दिसते का?" मी विचारलं.

"बाभूळ दिसते. तिच्यावरचा कावळा दिसते. हातातलंच दिसत नाही."

"चाळिशी लावा की!"

"लावली. माशी आली, तं डुक्कर पारच गेलं."

"मग रोज बार कशाचे ऐकू येतात?"

"नुसत्या दारूचे. गोळी भरली अन् कोनाले लागली तं? गावाले सांगू नका."

तेवढ्यात डुकरांचा कळप वावरात शिरला. त्यानं नळी आभाळाकडे करून बार काढला. कावळा उडाला. एकाही डुकरानं मान वर केली नाही.

"पाहा मास्तर," तो म्हणाला, "कसे साफ दिसून राह्यले."