डोंगरमाथ्यावरचा रेडिओ

कोविडमुळे घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला असलेली बंदी उठली आणि पहिल्याच सुट्टीला मी आयर्लंडमधल्या कासलबार गावाजवळचा एक डोंगर चढलो. माथ्यावर सत्तरीची एक बाई दगडाला टेकून बसली होती. मासे धरायच्या गळाच्या लांब काठीला तार बांधून तिने अँटेना उभी केली होती आणि मांडीवरच्या हौशी बिनतारी रेडिओवर, जगात कुठे कुणी ऐकतंय का म्हणून, ती पुन्हापुन्हा साद घालत होती.

पाऊस भुरभुरू लागला. तिने डोक्यावरची टोपी काढून रेडिओवर घातली. मी उतरायला निघालो, तेवढ्यात तिने माझी बाही घट्ट धरली आणि एक इयरफोन माझ्या हातात दिला. खरखरीतून एक पुरुष बोलत होता. तोही डोंगरमाथ्यावर होता, अमेरिकेतल्या वाळवंटात. मी इयरफोन कानात आणखी घट्ट दाबला.

"इथे ऊन भाजतंय," तो म्हणाला. "तुमच्याकडे हवा कशी आहे?"

तिच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. "ग्रँड! एकदम झकास," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "वर्षभर सगळे मला घरातच बस म्हणत होते. बघ आता कुठवर पोचले."

उतरताना मी जवळजवळ पळतच होतो. नागपूरला आईला फोन लावून हे कधी सांगतो, असं मला झालं होतं.