तुळसाबाईची कोंबडी

गिरणीचा संप लांबला, तेव्हा नंदनवन वस्तीतल्या तुळसाबाईनं एकच कोंबडी आठवडाभर पुरवायचा चंग बांधला. तुकडे करून शिजवली तर घरचे एका बैठकीत फस्त करतात. म्हणून तिनं ती अख्खीच निखाऱ्यावर भाजली आणि विळी आपल्यापाशी ठेवली. रविवारी मांड्या गेल्या, सोमवारी छाती कांद्यात परतली, मंगळवारी उरल्या हाडांचा रस्सा झाला.

बुधवारी नवरा कवडू संपातले चार साथी घेऊन दारात. गिरणीच्या फाटकावर त्यानं कोंबडीची फुशारकी मारली होती.

"आता हाडायचं पाणी आहे फक्त," तुळसाबाई कुजबुजली. "माहं नाक कापता का?"

"वाढ वं. उपाशी धाडलं तर संपवाल्यायत तोंड दाखवता येनार नाही."

तिनं रस्सा उकळला आणि मूठभर तिखट ओतलं. पहिल्याच घासाला सगळ्यांच्या डोळ्यांतून धार लागली. तुकडा कोण शोधतो? प्रत्येकाला वाटलं, शेजारच्याच्या ताटात गेला असेल.

त्या चौघांतले पुढारी आनंदराव नाक पुसत म्हणाले, "वहिनी, कोंबडीचं मटन कसं लोण्यासारखं शिजलं होतं." त्यांना एकही तुकडा मिळाला नव्हता. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. आपल्याच वाट्याला आला नाही, हे कोण कबूल करणार?

पाहुणे गेल्यावर कवडू भडकला. "हाडायचं पाणी आहे म्हनत होती. मंग सगळ्यायले भेटलं, मलेच काहून नाही?"

तुळसाबाईनं हाडं धुतली, पुन्हा पातेल्यात टाकली आणि पाणी ओतलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार अजून बाकी होते.