सात मिनिटांवरचं घर

कवळ्या करणाऱ्या त्या माणसाला लॅबमध्ये सगळे मिलिमीटर म्हणायचे. एखादा दात केसभर पुढे आला तरी तो मेण वितळवायचा आणि अख्खी ओळ पहिल्यापासून लावायला घ्यायचा, म्हणून. दंतवैद्यांकडून प्लास्टरचे साचे यायचे. त्यांवर मेणाची हिरडी चढवायची, एकेक दात बसवायचा, मग पक्कं करून घासायचं, चकाकी आणायची. चौतीस वर्षं त्याने हेच केलं, खिडकीजवळच्या एकाच स्टुलावर बसून. ज्याची कवळी तो माणूस कधी दिसायचा नाही, पण साचा हातात घेतला की मिलिमीटर सांगायचा, हे गृहस्थ एकाच बाजूने चावतात, या बाई झोपेत दात खातात. बहुतेक वेळा खरंही निघायचं.

राहायला मात्र तो शहराबाहेर होता. दोन बस, मधे पुलावरून पायपीट, एकूण दोन तास जायला आणि तेवढेच यायला. अठरा वर्षांपूर्वी बायकोनेच ते घर पसंत केलं होतं. दुसरा मजला, सकाळभर ऊन येणारी बाल्कनी, खाली मोकळं मैदान. ती गप्पिष्ट बाई होती. बाल्कनीत उभी राहून खालच्या भाजीवालीपासून समोरच्या बिल्डिंगमधल्या मास्तरांपर्यंत सगळ्यांची विचारपूस करायची. मिलिमीटर म्हणायचा, ‘‘मी दिवसभर लोकांना दात करून देतो, पण खरं काम बघायचं तर आमच्या घरच्या दातांचं. त्यांना रविवारचीही सुट्टी नाही.’’ ती त्यावर हसायची आणि पुढचं बोलायला लागायची.

एका मंगळवारी तो नेहमीसारखा पावणेसातला बाहेर पडला. साडेनऊच्या सुमाराला बायको कपडे पिळता पिळता मोरीतच कोसळली. नळ चालूच होता. पाणी दाराखालून जिन्यात आलं तेव्हा शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनींनी मशीन थांबवली, हाका मारल्या, आणि शेवटी मास्तरांना बोलावून दार फोडलं. तोवर साडेअकरा वाजले होते. मिलिमीटरला फोन गेला बारा वाजता. तो हातातला साचा तसाच टाकून निघाला, पहिलीच बस पुलाआधी अडकली, आणि तो दवाखान्यात पोचला तेव्हा पावणेतीन झाले होते.

बायको शुद्धीवर होती. तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं आणि ओठांची उजवी कड सुटून खाली लोंबत होती. हा अर्धांगाचा झटका आहे, हे आयुष्यभर जबडे मोजलेल्या माणसाला दारातूनच कळलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बराच फरक पडला असता.

हे वाक्य त्याच्या डोक्यात घर करून बसलं. तिला आधी किंवा नंतर आणणं त्याच्या हातात नव्हतंच, दार फोडलं ते वहिनींनी. त्याचं घर लॅबच्या शेजारी असतं तरी साडेनऊला तो स्टुलावरच असता. पण हे त्याला कोण सांगणार, आणि सांगितलं तरी तो कुठे ऐकणार? त्याने मनाशी एकच हिशेब पक्का केला, की ती पडली तेव्हा आपण दोन तास लांब होतो. पुन्हा असं होता कामा नये.

दीड महिन्याने ती घरी आली. उजवा हात आणि पाय निकामी झाले होते. बोलणं संपल्यातच जमा होतं. तीन शब्द उरले होते, ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बस’. त्यांतही ‘हो’ कुठल्याही प्रश्नाला यायचं. भूक लागली का, हो. जेवून झालंय का, हो. खरं उत्तर कळायला तिच्या भुवयांकडे बघावं लागायचं, हे वहिनींनी आठवडाभरात ओळखलं. त्या आपली मशीन उचलून इकडेच घेऊन आल्या होत्या. दिवसभर शिवायच्या, मधेच काहीबाही बोलायच्या, आणि बायको डाव्या हाताने त्यांच्या दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावून ठेवायची. बाल्कनीत खुर्ची टाकली की खालून भाजीवाली मोठ्याने हाक मारायची आणि ही हात हलवायची. मिलिमीटर संध्याकाळी यायचा तेव्हा ती दमलेली असायची, त्यामुळे यातलं फारसं त्याने पाहिलंच नाही.

तो जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या आसपास जागा शोधत हिंडत होता. पहिली जागा मंडईमागच्या वस्तीत होती, शेजारपाजार भरपूर, पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. दुसरी कालव्यापलीकडे, जरा लांब, लॅबपासून पंचवीस मिनिटांवर. तिथे तळमजल्यावर अंगण होतं, अंगणात दोन म्हाताऱ्या वाळवण राखत बसल्या होत्या, आणि त्यांनी त्याला न विचारताच पाणी आणून दिलं. तिसरी लॅबच्याच मागच्या गल्लीत. तळमजला, एक खोली आणि स्वयंपाकघर, खिडकीसमोर हातभर अंतरावर गोदामाची भिंत. गल्लीत सगळी दुकानांची मागची दारं. त्याने चालत जाऊन घड्याळ लावलं. सात मिनिटं.

त्याने तीच जागा पक्की केली. कालव्यापलीकडच्या अंगणाचा विचार त्याने दोन दिवस केला, नाही असं नाही. पण पंचवीस आणि सात यांत अठरा मिनिटांचं अंतर होतं, आणि मिलिमीटरला अठरा मिनिटं म्हणजे काय होतं ते बाकी कुणाला कळणार नाही.

परगावी दिलेल्या मुलीला त्याने फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘‘बाबा, आईला विचारलंत का?’’

‘‘विचारलं की. हो म्हणाली.’’

‘‘ती सगळ्यालाच हो म्हणते.’’

‘‘मग मी काय करू? कुणाला विचारू?’’ तो म्हणाला, आणि आवाज चढला म्हणून लगेच ओशाळला. मुलीने पुढे काही ताणलं नाही. पण त्याला ठाऊक होतं. विचारताना तो बायकोच्या समोर बसला नव्हता. भांडी खोक्यात भरता भरता, पाठमोऱ्याने विचारलं होतं.

जुनं घर त्याने भाड्याने दिलं. निघताना वहिनींनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, तिला एकटं ठेवू नका, तिला माणसं लागतात. तो म्हणाला, आता मी आहे ना जवळ.

आणि होताही तो जवळ. सकाळी तिचं सगळं आवरून जायचा, अकराला येऊन चहा पाजायचा, एकला भरवायचा, चारला कूस बदलून द्यायचा. लॅबचा मालक भला माणूस होता, चालवून घ्यायचा. दिवसातून तीनदा मिलिमीटर त्या गल्लीतून लगबगीने जायचा आणि घरी पंधरा मिनिटं थांबून परत यायचा. पण पंधरा मिनिटांत कुणी गप्पा मारत नाही. तो चमचा भरवायचा, तोंड पुसायचा, घड्याळ बघायचा. मधल्या वेळात बायको भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. दुपारच्या कामाला ठेवलेली बाई कानाला फोन लावून भांडी घासायची आणि निघून जायची. गल्लीतून माणसं जायची ती ओझी घेऊन, मान खाली घालून. पहिल्या महिन्यात बायको कुणी गेलं की हात हलवायची. मग तिने ते सोडलं.

तिसऱ्या महिन्यात ती खाईनाशी झाली. घास तोंडात तसाच धरून ठेवायची. मिलिमीटरला वाटलं, गिळण्याचा त्रास असेल. डॉक्टरांनी तपासलं आणि तसं काही नसल्याचं सांगितलं. ‘हो’ म्हणणंही तिने जवळजवळ बंद केलं होतं. तो विचारायचा, ती नुसती त्याच्याकडे बघायची.

एका रविवारी वहिनी दोन बस बदलून आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी ती खोली, ती भिंत बघितली. मग त्या नेहमीच्या सुरात बोलायला लागल्या. मास्तरांच्या मुलीचं जमलं, भाजीवाली सारखी विचारते, नव्या भाडेकरूंनी बाल्कनीत सायकली कोंबल्यात. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून रिळांचा डबा काढून तिच्या मांडीवर ठेवला. बायकोने डबा छातीशी धरला आणि रडायला लागली. आजारी पडल्यापासून ती अशी रडली नव्हती. आणि मग वहिनींचा हात धरून, दाराकडे बघत, स्पष्ट म्हणाली, ‘‘घरी.’’

चौथा शब्द. मिलिमीटर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याला आधी आनंद झाला, मग त्या शब्दाचा अर्थ लागला, आणि तो तिथेच उंबऱ्यावर बसला.

‘‘चुकलं माझं, वहिनी,’’ तो म्हणाला.

‘‘मला काय सांगता, तिला सांगा,’’ वहिनी म्हणाल्या.

त्याने बायकोसमोर खुर्ची ओढली, तिच्या भुवयांकडे बघितलं आणि विचारलं, परत जायचं का. तिने हो म्हटलं. या वेळी त्याला शंका उरली नाही.

परत जाणं सोपं नव्हतं. जुन्या घरातल्या भाडेकरूंची मुदत संपायला आठ महिने होते आणि ते हलायला तयार नव्हते. मिलिमीटरने हातापाया पडून पाहिलं. शेवटी त्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर, मैदानाच्या बाजूला, एक लहानशी जागा मिळाली. बाल्कनी नव्हती, पण दार उघडलं की बाहेर माणसं होती. वहिनींनी मशीन पुन्हा खाली आणली. भाजीवाली आता हाक मारण्याऐवजी आत येऊन बसायची. मिलिमीटर पुन्हा पावणेसातला निघायला लागला. बसमध्ये त्याचा जीव सारखा टांगणीला असायचा, फोन तो हातात धरूनच बसायचा. पण घरी आला की बायकोच्या अंगाला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असायचे, आणि ते वेचताना तिला त्याच्याकडे बघून हसू यायचं. ती थोडं खायलाही लागली.

मात्र गल्लीतल्या त्या चार महिन्यांत अंगातलं जे गेलं ते भरून निघालं नाही. डॉक्टरांनी ते आडवळणाने सांगितलं, त्याला सरळच कळलं. परत आल्यानंतर दहाव्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, तिला दुसरा झटका आला. मिलिमीटर तेव्हा दुसऱ्या बसमध्ये होता, लॅब दोन थांब्यांवर आली होती. ज्या फोनला भिऊन त्याने सगळा खटाटोप केला होता तोच फोन आला, आणि त्याने आधी विचारलं ते एवढंच, ‘‘एकटी होती का?’’

‘‘नाही हो,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘डोकं माझ्या मांडीवर होतं. मास्तर होते. दवाखान्यात न्यायला वेळच दिला नाही तिने.’’

तो उतरला आणि रस्ता ओलांडून उलट दिशेच्या बसच्या थांब्यावर उभा राहिला. बस यायला पंचवीस मिनिटं लागली. त्या पंचवीस मिनिटांत त्याने काय विचार केला ते त्याने कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला फक्त म्हणाला, ते चार महिने मी तिचे काढून घेतले. मुलगी म्हणाली, असं काही बोलू नका. पण तसं नाही, असंही तिला म्हणता आलं नाही.

मुलगी त्याला आपल्याकडे न्यायला तयार होती. तो गेला नाही. लॅबजवळ जागा घ्या म्हणून मालकांनीही सुचवलं, तेव्हा मिलिमीटर नुसता मान हलवून साचा घासत राहिला. निवृत्तीला अजून दोन वर्षं आहेत. त्याच तळमजल्यावर तो राहतो, दोन बस करतो, दोन तास जातो, दोन तास येतो. सकाळी बाहेर पडताना घरात सांगायला कुणी नसतं. म्हणून तो एक मजला, मग दुसरा चढून वहिनींच्या दारावर बोटाने वाजवतो, ‘‘येतो,’’ म्हणतो, आतून ‘‘या’’ असं ऐकू आलं की जिना उतरतो आणि थांब्याकडे चालू लागतो.