खाडीवरून परत आणलेली पिशवी

पालक उकडताना हिरवट वास आला की मला गव्हाणच्या खाडीवरची ती सकाळ आठवते. आमच्या पनवेलच्या घरात बाबांचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. त्यातलं परदेशी समुद्री शेवाळ, द्राक्षांच्या घोसासारखं, त्या वर्षी फार माजलं. पाण्यातली जिवंत गोष्ट कचऱ्यात टाकायची नाही हा बाबांचा नेम, म्हणून त्यांनी ते कापून देवाच्या निर्माल्याच्या पिशवीतच भरलं आणि खाडीत सोडायला निघाले. मीही सोबत गेले. ओहोटी होती. चिखलात बगळे उभे होते आणि काठावर एक मावशी जाळं धूत होत्या. बाबांनी गाठ सोडली तशी मी पिशवी दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाले, "हे आपल्या समुद्रातलं नाही. बोटभर तुकडा रुजला तरी सगळीकडे पसरेल." "घरी तोंड उघडत नाहीस आणि इथे मला शिकवतेस?" बाबा हसले, पण पिशवी ओढत राहिले. मावशींनी विचारलं, "काय हाय गो त्यात?" माझे कान तापले होते, तरी मी त्यांना सगळं सांगितलं. त्या बाबांना म्हणाल्या, "भाऊ, तुमचं रान तुमच्या घरी ठेवा. आमी इथं मासं धरतो." बाबांनी पुन्हा गाठ मारली. घरी येऊन मी निर्माल्यातली फुलं कुंडीत घातली आणि शेवाळ पुन्हा कुठे रुजू नये म्हणून पातेल्यात खळखळून उकळलं. "ते पातेलं आता तुझंच," आई म्हणाली. पातेलं अजून माझ्याकडे आहे. बाबांनी टँकमध्ये कात्री घातली की मी न विचारता गॅस पेटवते.