वडवणीचा डबा

नेकनूरचा अंगद माझा रूम पार्टनर. बीडच्या एका कॉलेजात आम्ही दोघं बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. यंदा कॉलेजने नवीच टूम काढली. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकाने एका नव्या मुलाला सांभाळायचं. हारतुरे झाले, फोटो निघाले, पण सांभाळायचं म्हणजे काय ते कुणी सांगितलं नाही. बाकीच्यांनी नव्या पोरांना कॅन्टीनचा चहा पाजला आणि हात झटकले. अंगदने मात्र हे काम मनावर घेतलं, आणि त्याने काही मनावर घेतलं की माझ्या डोक्याला ताप होतो.

त्याच्या वाट्याला आला श्रीशैल, वडवणीच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. अंगदने त्याला आमच्या शेजारची खोली बघून दिली, लायब्ररी दाखवली, प्रॅक्टिकलच्या सरांशी ओळख करून दिली. पोरगं रोज एकच सांगायचं, "दादा, समदं इंग्रजीत शिकवतेत. मला काईच कळत न्हाई."

"व्हईल सवय," अंगदचं उत्तर ठरलेलं.

सवय काही झाली नाही. श्रीशैलने जेवणच टाकलं. त्याचा डबा सकाळच्या एसटीने घरून यायचा. कंडक्टरकडून तो स्टँडवर घ्यायचा आणि दुपारच्या गाडीने रिकामा परत लावायचा. इथल्या कितीतरी पोरांचं असंच चालतं. आता हा डबा भरलेलाच परत जाणार म्हटल्यावर अंगद घाबरला. पहिल्या वर्षी त्याचा स्वतःचा डबा असाच सलग काही दिवस भरलेला घरी गेला होता, तर वडील येऊन त्याला घेऊनच गेले. त्याचं वर्ष बुडालं.

"भरला डबा घरी गेला की पोरगं बी घरी गेलं समज," तो म्हणाला आणि श्रीशैलचा डबा स्वतःच खायला बसला. भाकरी, भाजी, शेंगदाण्याची चटणी, सगळं फस्त. वर डबा घासून परत. स्टँडवरून डबा आणायला आणि गाडीला लावायलाही आता तोच जायचा.

"अबे, तू कावून खातो? त्याला काय पायजे ते इचार ना!" मी ओरडायचो.

"दिवाळीपस्तोर टिकू दे. मग रमतंय बघ."

माझी नुसती चिडचिड व्हायची. श्रीशैलने वर्गात जाणं सोडलं, चहा-बिस्किटांवर दिवस काढत भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. आईचा फोन आला की म्हणायचा, "जेवलो, बरं हाय." आणि आमचा शहाणा रोज डबा चाटूनपुसून त्या बोलण्यावर शिक्का मारत होता. एके दिवशी डब्यात कारल्याची भाजी आली. अंगदने तोंड वाकडं करत तीही संपवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टँडवर गेलो, तर गाडीतून डब्यासकट श्रीशैलची आईच उतरली. महानंदाकाकू. कंडक्टरने अंगदकडे बोट दाखवलं.

"कालचं कारलं कुणी खाल्लं?" त्यांनी विचारलं.

डबा घ्यायला पुढे केलेला हात अंगदने मागे घेतला.

"माज्या लेकरानं जन्मात कारलं तोंडात घातलं न्हाई. डबा लईच साफ यायला लागला, म्हणून मुद्दाम पाठवलतं."

"काकू, त्याचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून..."

"रिकामा डबा बघून मी गल्लीभर सांगत फिरले, पोरगं रमलं म्हणून. भरलेला आला असता, तर पहिल्याच आठवड्यात आले असते. शिकवणी लावली असती. चार दिवस जवळ राहिले असते."

दुपारच्या गाडीत श्रीशैल पिशवी घेऊन बसला. कॉलेजचं नाव काढू नको, एवढंच तो आईला म्हणाला होता. आमच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. काकूंनी त्या दिवशीचा डबा अंगदच्या हातात दिला.

"खा बाबा. राग न्हाई तुज्यावर."

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. अंगदने झाकणाला हातही लावला नाही. गाडी सुरू झाली तसा तो धावत गेला आणि खिडकीतून डबा आत दिला. वजन हाताला लागलं तेव्हा काकूंनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि भरलेला डबा मांडीवर ठेवला.